किल्लारीनंतरची झोप

1993 साली अनंत चतुर्दशी 29 सप्टेंबरला आली होती. लातूर आणि उस्मानाबादच्या शिवेवरच्या गावांत रात्री उशिरापर्यंत विसर्जनाच्या मिरवणुका चालल्या. पोरं गुलालातच घरी आली आणि तशीच आडवी झाली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली.

6.2 रिश्टरच्या आसपासचा हा भूकंप जगाच्या हिशेबात मध्यम म्हणावा असाच. पण तो जमिनीखाली जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर झाला आणि त्याच्या डोक्यावर मराठवाड्याची माळवदाची घरं उभी होती. दगड-मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून त्या थरावर आणखी माती पडायची. उन्हाळ्यात घर थंड राहायचं. त्या पहाटे तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव, एकोंडी या गावांत उजाडलं तेव्हा गल्ली कुठली आणि ओसरी कुठली हे ओळखू येत नव्हतं. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत.

एक गोष्ट या कहाणीत नेहमी तळटीपेसारखी येते. माझ्या मते तिला मध्यभागी जागा हवी. किल्लारीला धक्के नवे नव्हते. 1992 च्या ऑगस्टपासून तिथे जमीन गुरगुरत होती. ऑक्टोबरात त्यातला एक धक्का 4 च्या घरातला होता. लोक घाबरून काही दिवस अंगणात झोपले, मग पुन्हा घरात आले. तज्ज्ञ येऊन गेले, दिवस गेले, सवय झाली. त्या वर्षभरात कितीतरी आयांनी रात्री दचकून उठलेल्या लेकराला थोपटत ‘काही नाही होत, झोप’ असं म्हटलं असणार. त्या पहाटे जी मुलं ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, त्यांनी घर आणि माणसं गमावली होतीच. पण मोठ्यांनी ‘काही होत नाही’ म्हटलं की खरंच काही होत नाही, हा भरवसाही ती गमावून बसली होती. मुलांच्या आघातावर काम करणारे लोक ज्या दुखापतीबद्दल बोलतात, तिचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

मदत मात्र वेगाने आली, आणि हे मान्य केलं पाहिजे. मुख्यमंत्री शरद पवार आणि लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी यांच्या त्या दिवसांतल्या कामाचे दाखले आजही आपत्ती व्यवस्थापनाच्या वर्गात दिले जातात. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. 52 गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली गेली, बाकीच्या शेकडो गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत झाली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. घर कसं बांधायचं, अनुदानाचा हप्ता कुठे अडला, हे त्या बाया अधिकाऱ्यांना विचारू लागल्या. पंचनाम्यात भिंती, जनावरं, भांडीकुंडी, मृत आणि जखमी यांची नोंद झाली. रात्री उठून किंचाळणारं, पत्र्याच्या शेडमध्येही आत झोपायला नकार देणारं, आठ वर्षांचं होऊनही अंथरूण ओलं करणारं पोर कुठल्या रकान्यात लिहायचं, हे तलाठ्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा दोष नव्हता. असा रकाना असू शकतो हे राज्यात फार थोड्यांना माहीत होतं.

अनाथ आणि निराधार झालेल्या मुलांचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच उभा राहिला. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने 1200 मुलं पुण्याला आणली. आधी पिंपरीत आणि पुढे वाघोलीला त्यांच्यासाठी शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं. राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केलं. लातुरात एसओएस बालग्राम आलं. तिथे एकेका ‘आई’भोवती मुलांचं कुटुंब बसवायची पद्धत आहे. तीन संस्था आणि तीन वेगळ्या समजुती. एक म्हणते, मुलाला दुःखाच्या जागेपासून दूर न्या आणि शिकवा. दुसरी म्हणते, आपल्याच मुलखात ठेवा. तिसरी म्हणते, आई द्या. यांतलं कोणतं बरोबर, यावर तेव्हा वाद झाले. मला तिघांच्याही कामाबद्दल आदर आहे. उठायची वेळ, प्रार्थना, पाढे, जेवणाची रांग, रात्री दिवे मालवायची वेळ ही ठरलेली चौकट आघात झालेल्या मुलाला धरून ठेवते. आज मानसिक प्रथमोपचाराच्या कोणत्याही पुस्तिकेत शाळा लवकर सुरू करा असंच लिहिलेलं असतं. वाघोलीच्या लोकांनी ते पुस्तक न वाचताच केलं.

पण सगळ्याच मुलांना तेवढं पुरत नाही.

हे तोवर जगाला ठाऊक झालं होतं, हे इथे सांगायला हवं. मुंबईत मुलांच्या मनाचा विचार फार आधीपासून होत होता. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय, म्हणजे आजची टिस, 1936 साली नागपाड्यात सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. देशातलं हे अशा प्रकारचं पहिलं केंद्र. पण त्याची वाट मुंबईच्या माणसाला माहीत होती, कोयनेच्या नाही. 11 डिसेंबर 1967 ला कोयनानगर हादरलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथल्या मुलांच्या मनाचं काय झालं असेल, हा प्रश्न तेव्हाच्या चर्चेत येण्याचं कारणच नव्हतं. आघातोत्तर तणावाचा विकार, ज्याला आता सगळे ‘पीटीएसडी’ म्हणतात, तो अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला 1980 साली, तोही मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. मुलं लहान असतात, विसरून जातात, अशी डॉक्टरांचीही समजूत होती.

ती समजूत मोडली एका बसने. 1976 च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात 26 शाळकरी मुलांची बस चालकासकट पळवली गेली आणि सगळ्यांना एका खाणीत पुरलेल्या ट्रकच्या पेटाऱ्यात कोंडलं गेलं. मोठ्या मुलांनी आणि चालकाने वाट उकरली, सगळे जिवंत सुटले. एकालाही मोठी जखम नाही. गावाने सुटकेचा नि:श्वास सोडला. मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर त्यानंतर चार वर्षं त्या मुलांना भेटत राहिल्या, आणि त्यांना आघाताच्या खुणा नसलेलं एकही मूल सापडलं नाही. मुलं मोठ्यांसारखं ‘मला त्या आठवणी येतात’ असं सांगत नव्हती, ती खेळत होती. तोच खेळ पुन्हा पुन्हा, त्याच शेवटाचा, मजा न येणारा. पुढचं आयुष्य लांबलचक असेल, असं त्यांच्यातल्या कित्येकांना वाटेनासं झालं होतं.

किल्लारीला याहून जवळचा धडा आर्मेनियात होता. 7 डिसेंबर 1988 ला स्पिटाकच्या भूकंपात निदान 25 हजार माणसं गेली, आणि दिवसा झालेल्या त्या भूकंपात शाळाच कोसळल्या. आर्मेन गोएंजियान आणि रॉबर्ट पायनूस यांचा गट तिथे गेला. दीड वर्षानंतर त्यांनी ग्युमरी शहरातल्या शाळांत काम केलं: वर्गातच गटाने चार छोट्या बैठका, त्याशिवाय प्रत्येक मुलाशी सरासरी दोन वेळा एकेकट्याने बोलणं, आणि हे सगळं साधारण तीन आठवड्यांत. आणखी दीड वर्षाने पाहिलं तर उपचार मिळालेल्या किशोरांचा त्रास उतरला होता, न मिळालेल्यांचा वाढला होता. हा निबंध 1997 साली छापून आला. म्हणजे आपली 1200 मुलं वाघोलीत शिकत होती, तेव्हा हे ज्ञान जगात कुठेतरी तयार होतं. ते मराठवाड्यापर्यंत यायला कोणतीही वाट नव्हती. आपल्याकडे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या गटाने भूकंपग्रस्तांची तपासणी केली आणि 1996 साली प्राथमिक अहवाल छापला. त्यात अर्ध्याहून अधिक माणसांना मानसिक विकार आढळला. ते काम मोलाचं आहे, पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे.

मग उपचार म्हणजे नेमकं काय करतात? ‘समुपदेशन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोक्यावरून हात फिरवत ‘रडू नको बाळा, धीर धर’ म्हणणारी ताई येते. मुलांच्या आघातासाठी सगळ्यात जास्त तपासली गेलेली पद्धत या चित्राच्या जवळपास उलटी आहे. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर या तिघांनी ती बसवली. दर आठवड्याला एक बैठक, साधारण 8 ते 16 आठवडे. माळवदाखाली सापडलेल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलीला नजरेसमोर आणू. पहिल्या एक-दोन बैठकांत तिला आणि तिला सांभाळणाऱ्या आजीला सांगितलं जातं, की छातीत धडधडणं, पत्रा वाजला की पळावंसं वाटणं, हे वेडेपण नाही. शरीर अजून त्या पहाटेतच अडकलंय. मग श्वास सोडायला शिकवतात, भावनांना नावं द्यायला शिकवतात. ‘मी भावाला हाक मारली असती तर तो वाचला असता’ हा तिच्या मनात ठाण मांडून बसलेला विचार हळूच बाहेर काढून तपासतात. त्यानंतर मुख्य काम. ती पहाट ती स्वतः सांगते, लिहिते किंवा चित्रांत काढते. आधी वरवर, मग पुढच्या बैठकीत जरा आणखी आत, जिथे सांगणं सगळ्यात अवघड आहे तिथपर्यंत. शेवटी ती वही ती आजीला वाचून दाखवते. आजीची त्यासाठी वेगळी तयारी करून घेतलेली असते, कारण ती कोसळली तर मुलगी पुन्हा गप्प होईल. आणि मग एक दिवस ती छताखाली झोपायचा सराव करते, आधी दुपारी, दार उघडं ठेवून.

आठवण टाळायची नाही, जपून आणि टप्प्याटप्प्याने तिच्याकडे जायचं. आपल्या घरांत याला नेमका विरोध होतो. ‘कशाला आठवण काढता त्या पोरीला?’ हे वाक्य प्रेमापोटीच येतं. पण ज्याच्याबद्दल कुणी बोलू देत नाही, ते मुलाला एकट्याने रात्री भेटत राहतं.

26 जानेवारी 2001 ला भूज हादरलं, तेव्हा पश्चिम भारतात पहिल्यांदा आघाताच्या विशिष्ट उपचाराचं नाव मोठ्या प्रमाणावर ऐकू आलं. डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणीची धार बोथट करण्याची पद्धत, ‘ईएमडीआर’, फ्रान्सीन शापिरो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मांडली होती. तिचं प्रशिक्षण त्या भूकंपानंतर भारतात आलं आणि मुंबईच्या सुषमा मेहरोत्रा यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी ते पुढे नेलं. या पद्धतीचा मुलांच्या गटासाठीचा एक तुकडा मेक्सिकोतून आला आहे. अकापुल्कोच्या चक्रीवादळानंतर लुसिना आर्तिगास यांनी तो 1998 साली वापरला. मूल छातीवर हातांची अढी घालतं, तळवे दोन दंडांवर, आणि डावा-उजवा, डावा-उजवा असं हलकेच थापटत राहतं. ‘फुलपाखराची मिठी’ म्हणून ती शाळाशाळांत पोचली. मला यात थोडी धास्तीही वाटते. दोन तासांच्या शिबिरात ही मिठी शिकवून, फोटो काढून ‘मुलांवर उपचार झाले’ असं लिहिणं फार सोपं आहे. 2013 साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या पीटीएसडीसाठी वहीत गोष्ट लिहिण्याची आणि ईएमडीआर अशा दोन्ही पद्धतींची शिफारस केली, ती पूर्ण, क्रमाने आणि शिकलेल्या माणसाने दिलेल्या उपचाराची.

आणि शिकलेली माणसं कुठून आणायची? या प्रश्नाला देशातलं सगळ्यात जुनं उत्तर दक्षिणेतून आलं. बेंगळुरूचं निमहान्स म्हणजे पूर्वीच्या म्हैसूर राज्याचं मनोरुग्णालय आणि 1954 साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांचं 1974 साली झालेलं एकत्रीकरण. 1984 च्या भोपाळ वायुकांडानंतर तिथल्या आर. श्रीनिवास मूर्ती आणि सहकाऱ्यांनी साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मनाच्या तक्रारी ओळखायला शिकवलं. ओडिशाचं महाचक्रीवादळ, गुजरात, 2004 ची त्सुनामी असं करत करत ही परंपरा डॉक्टरांकडून अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि गावातल्या तरुण कार्यकर्त्यांपर्यंत उतरली. मुलांसाठी चित्रं, मातीकाम, गोष्टी, खेळ यांच्या पुस्तिका निघाल्या. आधार देणं, ओळखणं आणि गरज पडली तर पुढे पाठवणं एवढं त्यांचं काम. पुढे पाठवायचं ते ठिकाण मात्र जिल्ह्याच्या गावी असलंच तर असायचं.

म्हैसूर शहरातली एक कहाणीही इथे आठवते. शहरातलं गोकुलम हे 2002 पासून, पट्टाभी जोइस यांची अष्टांग योगशाळा लक्ष्मीपुरमहून तिकडे हलल्यापासून, जगभरच्या योगविद्यार्थ्यांचं गाव झालं आहे. त्याच शहरात स्टॅन्ली आणि परशुराम या दोन माजी पत्रकारांची ‘ओडनाडी’ ही संस्था तस्करीतून सोडवलेल्या मुली आणि मुलांसाठी काम करते. तिथल्या मुली योग शिकू लागल्या, आणि 2010 च्या सुमारास संस्थेसाठी 108 सूर्यनमस्कारांची एक जागतिक मोहीम निघाली. शरीरावर पुन्हा आपला ताबा आहे असं वाटणं, हे अशा मुलीसाठी लहान गोष्ट नाही. पण जे घडलं त्याची गोष्ट सांगून होईपर्यंत सोबत बसणारा माणूस त्या आसनांनी मिळत नाही. तो वेगळा शोधावा लागतो. पैसेवाल्या माणसाला आघातासाठी गोकुलमपासून मुंबईपर्यंत दहा वाटा आहेत. गरीब मुलाला बहुधा एकच असते, आणि तीही अर्धीच.

कायदे आणि योजना मात्र पुढच्या दहा-पंधरा वर्षांत भराभर आल्या. 1996 मध्येच टिसमधून 1098 ही चाइल्डलाइन सुरू झाली होती. 14 नोव्हेंबर 2012 पासून मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला. 2013 मध्ये महाराष्ट्राने अत्याचारग्रस्तांसाठी मनोधैर्य योजना आणली. नावात मन आहे, चर्चा मात्र बहुतेक वेळा रकमेची आणि ती कधी मिळणार याचीच होते. 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला आणि सरकारी रुग्णालयांतल्या किशोरांसाठीच्या ‘मैत्री’ केंद्रांना नवं बळ मिळायला हवं होतं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरवला. 2022 पासून 14416 वर टेलि-मानस आहे. फोनवर कुणी मराठीत बोलतं, ही चांगली गोष्ट आहे. पण बारा आठवडे, दर बुधवारी, त्याच मुलीसमोर तोच माणूस, हे फोनच्या आवाक्यातलं काम नव्हे.

ते कोण करू शकतं, याचं एक उत्तर झांबियातून आलं. लुसाका शहरात लॉरा मरे यांच्या गटाने मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक माणसांना वर सांगितलेलीच, वहीत गोष्ट लिहिण्याची पद्धत शिकवली. त्यांनी अनाथ आणि असुरक्षित मुलांवर ती वापरली, आणि नेहमीच्या सेवेपेक्षा मुलांचा त्रास कितीतरी जास्त कमी झाला. 2015 साली हे प्रसिद्ध झालं. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ने प्रौढांच्या नैराश्यावर साधारण हेच, साध्या माणसांच्या हातून, करून दाखवलं होतं. दोन्हीकडचं मर्म प्रशिक्षणापेक्षा नंतरच्या देखरेखीत आहे. दर आठवड्याला त्या कार्यकर्त्यांनी आपापल्या केसेस अनुभवी माणसासमोर ठेवायच्या, चुका तिथेच दुरुस्त करायच्या. आपल्याकडे प्रशिक्षणाचं बजेट असतं, बॅनर असतो, प्रमाणपत्र असतं. पुढच्या सोमवारी फोन कुणाला करायचा, याची तरतूद नसते.

30 जुलै 2014 ला आंबेगावातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं त्यात गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. वाडीतली काही मुलं वाचली ती आश्रमशाळेत राहायला होती म्हणून. डोंगरावरचं घर गेल्याचं त्यांना खाली, शाळेत कळलं. त्यांना कुणाचे अंत्यसंस्कारही नीट पाहायला मिळाले नाहीत. महाराष्ट्रात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आहेत आणि जवळपास तितक्याच अनुदानित. रात्री अशी मुलं उठून बसतात तेव्हा त्यांच्याजवळ असते ती अधीक्षिका. तिच्याकडे शेकडो मुलं असतात, धान्याचा साठा असतो, आजारी मुलाला आरोग्य केंद्रात न्यायचं असतं, रजिस्टरं भरायची असतात. आघातावरच्या उपचाराला लागणारे आठवड्याचे दोन तास तिच्या कामातून कुठून काढायचे, आणि तिच्या केसेस ऐकायला जिल्ह्यात कुणाला नेमायचं, याचा हिशेब एखाद्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात बसून एका दुपारी करता येईल.